मोगऱ्याला पाणी घालणारा माणूस

समस्त सुजाण वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की पुढील हकिकतीत खून नाही, दरोडा नाही, पाठलाग नाही, आणि प्रस्तुत लेखकाने उभ्या नोकरीत एकदाही न झाडलेलं पिस्तूल इथेही कंबरेलाच राहतं. ज्यांना तसलं काही हवं असेल त्यांनी इथूनच रजा घ्यावी. मी मात्र एका अशा माणसाचा शोध घेतला होता, ज्याला अटक करणं शक्य नव्हतं, सोडवणंही शक्य नव्हतं, आणि तो ज्या जागी राहत होता म्हणे, ती जागासुद्धा नव्हती. एवढी दवंडी पिटून झाली की माझी चेष्टा संपते. कारण ते प्रकरण अजून माझी पाठ सोडत नाही. संध्याकाळी चहाचा कप हातात आला की ते हमखास समोर येऊन उभं राहतं.

मी हैदराबादचा मराठी. तेलुगूत रागावतो, दखनीत सौदा करतो आणि मराठीत काळजी करतो. गुडघ्यांनी माझ्याआधी राजीनामा दिला म्हणून मुदतीपूर्वीच निवृत्त झालो. ही हकिकत घडली तेव्हा तारनाक्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी संपली होती, रात्रीच्या गस्तीचे अहवाल टेबलावर पडले होते, आणि आमचा रायटर, म्हणजे ठाण्याची सगळी लिखापढी करणारा हवालदार, नेहमीप्रमाणे पेन शोधत होता. दारात दोन बायका आल्या. एक तिशीतली, फोन हातात धरूनच आत घुसली. दुसरी तिची आई, पासष्टीच्या आसपासची. तिने माझ्या दाराबाहेर चपला काढल्या.

माझं एक निरीक्षण आहे. पोलीस ठाण्यात कोणी चपला काढत नाही. भांडायला आलेला काढत नाही, ओळख सांगायला आलेला तर नाहीच. जो काढतो, त्याने बाकीची सगळी दारं आधीच ठोठावलेली असतात.

दोघींना मी ओळखत होतो. त्यांच्या घरचा माणूस हरवल्याची तक्रार, खात्याच्या भाषेत ‘मॅन मिसिंग’, आमच्याकडेच दाखल होती. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, रेल्वेच्या यार्डात हयात गेलेली, शेवटची काही वर्षं विसरण्याचा आजार. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत असताना फाटक उघडून निघून गेले. कॅमेऱ्यात दिलसुखनगरकडे जाणाऱ्या बसमध्ये चढताना दिसले होते. तिथल्या गर्दीत, कोचिंग क्लासच्या पोरांच्या लोंढ्यात, ते जे मिसळले ते मिसळलेच. मुलगी बंगळुरूला एका कंपनीत नोकरीला. ती रजा टाकून आली होती. तिनेच इंग्रजीत आवाहन लिहिलं, फोटो लावला, सगळीकडे पाठवलं, भिंतींवर चिकटवलं. दोन-तीन आठवडे झाले होते.

“साहेब, बाबा सापडलेत,” ती म्हणाली. “आणि ते लोक लपवतायत.”

तिने फोन माझ्यासमोर ठेवला. नोकरीधंद्यातली माणसं जिथे एकमेकांच्या यशाला टाळ्या वाजवतात, तसल्या एका साइटवरची पोस्ट होती. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमाच्या संचालकाची. वाचकहो, हा वाङ्मयप्रकार तुम्हाला ठाऊक असेल. प्रत्येक ओळीत एकच वाक्य. प्रत्येक वाक्यानंतर एवढी मोकळी जागा की एखाद्याने तिथे चटई टाकावी. मजकूर इंग्रजीत, सार असं: एक आजोबा आमच्याकडे आले. त्यांना नाव आठवत नव्हतं. गाव आठवत नव्हतं. रोज सकाळी ते बागेतल्या मोगऱ्याला पाणी घालतात. संध्याकाळी आम्ही त्यांच्या हातात चहा देतो. आणि चहा देणाऱ्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारतात, त्यांच्या भाषेत: जेवलात का? मी आयुष्यभर व्यवस्थापन शिकलो, पण नेतृत्व मला या माणसाने शिकवलं. तुम्ही आज तुमच्या टीमला काय विचारलंत?

शेवटी जोडलेले हात आणि उगवणारी रोपटी, अशी इमोजी. सोबत चित्र: तपकिरी स्वेटर घातलेला एक म्हातारा, पाठमोरा, हातात झारी.

“बाबा तपकिरी स्वेटर घालूनच गेलेत. आणि ‘जेवलात का’ म्हणजे बाबाच. आई मला दोन वर्षं फोनवर सांगतेय, आजारपणात बाबा किती मऊ झालेत, भेटेल त्याला जेवलात का विचारतात. मी इंग्रजी आवाहनात पण ते मराठीतच लिहिलंय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “स्वतःच्या बापाची पाठ ओळखणार नाही का मी?”

पोस्टखाली तिने लिहिलं होतं की हे माझे वडील आहेत, मला ताबडतोब संपर्क करा. त्यावर संचालकांचं उत्तर आलेलं होतं: हा भावपूर्ण अनुभव सांगितल्याबद्दल मनःपूर्वक आभार. तुमच्या मते सहानुभूतीचा खरा अर्थ काय? तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा आभार, पुन्हा एक प्रश्न. आश्रमात फोन केला तर वॉचमन म्हणाला असं कोणी नाही. एकीकडे आभार, दुसरीकडे नकार. कोणालाही वाटेल तेच तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. आठवण गेलेल्या माणसांचे अंगठे कशाकशावर उमटवून घेतात, याची प्रकरणं मी पाहिलेली होती. शिवाय तो संचालक तेलुगू. मराठीतले ‘जेवलात का’ हे दोन शब्द त्याच्या पोस्टमध्ये कुणाच्या तरी तोंडून आल्याशिवाय उगवणार नव्हते. या तर्कावर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

हे सगळं चालू असताना आई खुर्चीच्या कडेवर बसून होती. मांडीवर कापडी पिशवी. आत धुतलेला सदरा-पायजमा, त्यांना घरी आणताना घालायला.

आमच्या महिला हेड कॉन्स्टेबलला मी साध्या वेषात पाठवलं. सासूला ठेवायला जागा बघणारी सून, अशी भूमिका. ती बाई नाटकात गेली असती तर आमच्या खात्याचं मोठं नुकसान झालं असतं. दुपारी परतली आणि अहवाल दिला. “सार, सासूला ठेवायला जागा चांगली आहे. जेवण गरम. पण बाग नाही.”

“म्हणजे छोटी आहे?”

“नाहीच सार. खाली पार्किंग, वर पाण्याच्या टाक्या.”

मग रीतसर पंच घेऊन गेलो. मुलगी आणि आई जीपमध्ये होत्या. खोली न् खोली पाहिली, सगळ्या पुरुषांना व्हरांड्यात बसवलं. मुलगी एकेकासमोर वाकून चेहरा बघत पुढे सरकत होती. एका म्हाताऱ्याने तिची ओढणी धरली आणि तेलुगूत विचारलं, आलीस का. तिने ओढणी सोडवून घेतली नाही. तो झोपेला येईपर्यंत तशीच उभी राहिली. वडील तिथे नव्हते.

संचालकांना ठाण्यात आणलं. गुबगुबीत, हसतमुख, खिशाला दोन पेनं. चौकशीत माणूस पहिल्या प्रश्नाला काय उत्तर देतो यापेक्षा किती वेळात देतो हे मी बघतो. यांनी वेळच घेतला नाही.

“वो गार्डनवाले अंकल ना सार? हौ, हैं ना.”

“कहाँ हैं?”

इथे त्यांचं हसू प्रथमच थांबलं. त्यांनी मॅनेजरला फोन लावला. मॅनेजरने स्वयंपाकिणीला विचारलं. स्वयंपाकिणीने फोनवरच मोठ्याने विचारलं की कोणते अंकल. मी म्हटलं, अंकल राहू द्या, गार्डन कुठे आहे?

“प्लॅन में है सार.”

वाचकहो, मला हसू आलं, आणि तो माणूस रडवेला झाला. त्याने त्या आजोबांवर एका समारंभात भाषण केलं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या समारंभात त्याला पुन्हा तीच गोष्ट सांगायला बोलावलं. सांगून सांगून आपण त्यांना पाहिलंय असंच त्याला वाटत होतं. “मैं उनके लिए दो बार स्टेज पे रोया सार,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं. पोस्ट त्याच्या नावाची, पण लिहिणारी बाई वेगळी. खालची उत्तरंसुद्धा तिच्याकडचं यंत्रच देत होतं. त्याने मुलीचं काहीच वाचलेलं नव्हतं.

ती बाई नारायणगुड्यात एका दुकानाच्या माडीवर बसून काम करायची. गिऱ्हाईक कोण? दातांचे डॉक्टर, बिल्डर, क्लासवाले. सगळ्यांना समाजापुढे विनम्र दिसायचं होतं आणि कुणालाच त्यासाठी वेळ नव्हता. बाई घाबरली नव्हती. उलट आपलं काम समजावून सांगताना तिला उत्साह आला. तिचं म्हणणं, एआयला नुसतं लिहायला सांगितलं तर ते बँकेच्या कॅलेंडरवरच्या सुविचारासारखं लिहितं. लोक ओळखतात. म्हणून त्यात खऱ्या माणसांचे तुकडे टाकावे लागतात. ती ते गोळा करायची. ग्रुपवर आलेले निरोप, कुणाच्या तक्रारी, श्रद्धांजल्या, हरवल्याची आवाहनं. नावं काढायची, तुकडा आत टाकायचा आणि सांगायचं: ऊब येऊ दे, नेतृत्वाचा धडा निघू दे, शेवटी प्रश्न विचार. चित्रही तेच काढून द्यायचं.

“उसमें जान आ जाती सार,” ती म्हणाली.

“किसकी?” मी विचारलं. तिला प्रश्न कळला नाही.

या पोस्टमध्ये कोणता तुकडा टाकला होता, ते तिला आठवत नव्हतं. काम झालं की ती पुसून टाकायची. कदाचित आवाहन असेल, कदाचित संचालक सर स्वतः काही बोलले असतील, ती सांगू शकत नव्हती.

मी मुलीला हे सगळं समजावलं. बाई, तुमचंच आवाहन फिरून तुमच्याकडे आलं असावं. तिने मान्य केलं नाही, आणि तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. “साहेब, आवाहनात ते आहे कारण बाबा तसे आहेत. तसा माणूस त्यांनी खरंच पाहिला असेल, तरी हेच लिहिलं जाणार ना? त्यांनी बाबांना दुसरीकडे हलवलं असेल. तुम्ही त्यांना का सोडताय?” तिला संचालकांना आणि त्या बाईला आत टाकायचं होतं. त्याहून वाईट म्हणजे, पोस्ट दिसली त्याच दिवशी तिने सगळ्या नातेवाइकांना आणि शोधायला फिरणाऱ्या ओळखीच्यांना कळवून टाकलं होतं की बाबा सापडले, जागा कळली. लोकांनी देवाचे आभार मानले आणि आपापल्या कामाला लागले. दिलसुखनगरच्या बाजूला त्या म्हाताऱ्याला आता कोणी बघत नव्हतं.

अशा वेळी पोलिसाकडे एकच जुनं हत्यार असतं. एकाच घरातल्या दोन माणसांना वेगवेगळं बसवायचं आणि तोच साधा प्रश्न दोघांना विचारायचा. मुलीला बाहेर चहा दिला आणि आईला आत घेतलं. हेड कॉन्स्टेबल शेजारी बसली. आईने याही वेळी चपला बाहेर काढल्या होत्या.

मी म्हटलं, “मावशी, एवढंच सांगा. ते जेवलात का असं कधीपासून विचारायला लागले?”

ती पिशवीचे बंद ओढत बसली. मी घाई केली नाही. गप्प बसणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न विचारणं म्हणजे त्याला पळायला वाट करून देणं, हे मला नोकरीने शिकवलं होतं.

“त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही, भाऊ,” ती म्हणाली. “मलासुद्धा नाही.”

मग हळूहळू सगळं आलं. नवऱ्याचं तोंड यार्डातलं. धड होते तेव्हाही शिवीशिवाय वाक्य नसायचं, पण तेव्हा त्याच्या मागे माया असायची, असं ती म्हणाली. आजार वाढला तशी माया विसरले आणि शिव्या तेवढ्या राहिल्या. काठी उगारायचे. एकदा तिचं मनगट सुजलं ते महिनाभर. मुलगी रोज संध्याकाळी बंगळुरूहून फोन करायची, बाबा कसे आहेत. तिला काय सांगायचं? एके दिवशी आईच्या तोंडून निघून गेलं की अगं, आता फार मऊ झालेत, येईल त्याला जेवलात का विचारतात. पलीकडून मुलगी हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून विचारलं, आज कुणाला विचारलं बाबांनी? मग आई रोज कुणाचं तरी नाव सांगायला लागली. दूधवाला, इस्त्रीवाली, वीजमीटर बघायला आलेला माणूस.

ते हरवले तेव्हा मुलीने आवाहनात तेच लिहिलं. आईने लिहू दिलं. ‘शिव्या देतात, मारायला धावतात’ असं लिहिलं असतं तर कोणी जवळ केलं असतं, तिने मला विचारलं. अंगावर धावून येणाऱ्या म्हाताऱ्याचं रस्त्यावर काय होतं, ते मी तिच्यापेक्षा जास्त पाहिलं होतं.

“पण मुलीने पोस्ट वाचून दाखवली, तेव्हा तुम्हाला कळलंच असेल.”

“कळलं.” तिने पिशवी जवळ ओढली. “मग वाटलं, तिथं चांगली माणसं भेटली असतील. तिथं जाऊन झाले असतील तसे.”

शोध लागला होता, वाचकहो. ज्या क्षणी तपास अधिकाऱ्याने खुर्चीवरून उठून टेबलावर हात आपटायचा असतो, तो हाच क्षण. मी बसून राहिलो. जगात एकाच ठिकाणी ‘जेवलात का’ विचारणारा तो म्हातारा जन्माला आला होता, आणि ते ठिकाण माझ्यासमोर पिशवीचे बंद ओढत बसलं होतं. आईने मुलीसाठी त्याला घडवला, मुलीने जगासाठी लिहिला, यंत्राने त्याला झारी दिली आणि मोगरा लावून दिला.

मुलीला आत बोलावलं. मी सांगतो म्हटलं तर आईने हाताने थांबवलं आणि तिनेच सांगितलं, मला सांगितलं तेवढंच, तशाच शब्दांत. मुलगी ओरडली नाही. खाली बसली, आईचा हात ओढून घेतला आणि मनगट उलटसुलट करून पाहत राहिली. त्यावर आता काही दिसत नव्हतं.

त्यानंतरचं सगळं कामकाज मला नकोसं वाटलं. संचालक आणि ती बाई यांच्यावर लावायला कलम शोधलं. कायदा सल्लागाराला विचारलं. कुणाची मालमत्ता गेली नव्हती, कुणाची बदनामी झाली नव्हती, उलट एका गृहस्थाची उभ्या आयुष्यात झाली नसेल इतकी स्तुती झाली होती. समज देऊन सोडलं. मुलीने मात्र एकेका नातेवाइकाला पुन्हा फोन केले. सापडले नाहीत, असं सांगणं हरवलेत असं सांगण्यापेक्षा किती अवघड असतं, ते मी तिला व्हरांड्यात फेऱ्या मारताना पाहून समजलो. एक काका तर म्हणे, पोस्टमध्ये होते ना, मग पुन्हा कुठे गेले? तिने नवीन पोस्टरं काढली. त्यावर या वेळी लिहिलं होतं: रागीट आहेत, शिव्या देतात, काठी उगारतात, कृपया घाबरू नका, मारू नका.

ती पोस्टरं मी अजून कुठे कुठे पाहतो. ऊन लागून चेहरा गेलाय. ते सापडले नाहीत. माझ्या नोकरीत नाहीत, त्यानंतरही नाहीत. दिलसुखनगरच्या रस्त्यांवर ज्या दिवसांत कोणीतरी त्यांना पाहू शकलं असतं, त्या दिवसांत आम्ही सगळे एका नसलेल्या बागेभोवती पहारा देत होतो.

लोक मला विचारतात, या प्रकरणाने तुम्हाला काय शिकवलं. त्या संचालकाला विचारलं असतं तर त्याने रोपट्यांसकट धडा काढून दिला असता. मला एवढंच सांगता येतं: मी खोट्यावर जगलेला माणूस आहे. खोटं बोलणाऱ्याच्या गळ्याची घाटी हलते, नजर दाराकडे जाते, त्याला काहीतरी वाचवायचं असतं. तिथे धरून मी आत शिरायचो. आईच्या खोट्यातही तशी जागा होती, म्हणून तर मी तिथे पोहोचलो. त्या पोस्टमध्ये हात घालून पाहिला तर आत कोणी नव्हतं. कुणाला काही वाचवायचं नव्हतं. आणि तरी तीच सगळ्यात खरी वाटत होती, मला, मुलीला, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना. यावर उपाय मला सापडला नाही. पुढच्या अधिकाऱ्यांना सापडो.

एक प्रसंग राहिला. संचालक, ती बाई आणि मायलेकी यांना शेवटच्या सह्यांसाठी मी एकत्र बोलावलं होतं. संचालकाला म्हटलं, माझ्यासमोर ती पोस्ट काढून टाक. त्याने फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर तो पाठमोरा म्हातारा होता, स्वेटर, झारी, मोगरा. मुलीने होकारार्थी मान हलवली. त्याने बोट पुढे केलं. आई भिंतीशी उभी होती, अनवाणी. आजवर ठाण्यात ती विचारल्याशिवाय कधी बोलली नव्हती. ती एकदम पुढे आली आणि त्याचा हात धरून म्हणाली,

“राहू द्या हो ते. तिथं तरी त्यांना वेळेवर चहा मिळतोय.”